कूस बदलण्याची जागा : कंपवाताच्या रुग्णाच्या अंथरुणाचा इतिहास

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवातावर 66 पानांची एक पुस्तिका छापली. तिच्यात सहाच रुग्णांची हकिगत आहे, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. तरीही रोगाचा क्रम त्यांनी इतक्या बारकाईने टिपला की पुढे रोगालाच त्यांचे नाव मिळाले. या क्रमात दोन ठिकाणी रुग्णाचे अंथरूण डोळ्यांसमोर उभे राहते. रोग बळावल्यावर झोपेतही हातपाय कापू लागतात आणि रुग्ण घाबराघुबरा होऊन जागा होतो, हे पहिले. दुसरे अखेरच्या अवस्थेतले. हनुवटी छातीला टेकलेली, आणि कंप एवढा की पलंगाचे पडदे तर हलतातच, शिवाय खोलीची जमीन आणि खिडक्यांच्या चौकटीही हादरतात. पार्किन्सन यांचे उपाय त्या काळाला धरून होते. मानेजवळून रक्त काढावे, कातडीवर फोड उठवणारी औषधे लावावीत, असे ते सुचवतात. रुग्णाने कशावर निजावे हा प्रश्न वैद्याचा नव्हता, तो घरच्या बायकांचा आणि मोलकरणींचा होता.

त्या पडद्यांच्या आत काय असे? इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरात चौखांबी पलंगावर खाली पेंढ्याची किंवा लोकरीची गादी, तिच्यावर पिसांची जाड मऊ गादी आणि अंगावर एकावर एक घोंगड्या. गरिबाकडे पेंढा भरलेले पोते. पिसांची गादी ही ऐपतीची खूण होती, आजाऱ्याला ती आवर्जून दिली जाई, आणि कंपवाताच्या माणसासाठी तिच्याइतके वाईट अंथरूण शोधून सापडले नसते. पुढच्या दीडशे वर्षांत आजाऱ्यासाठी जी जी अंथरुणे शोधली गेली, ती बहुतेक निपचित पडून राहणाऱ्या शरीराचा विचार करून घडवली गेली. कंपवाताच्या माणसाला मात्र हलायचे असते आणि हलता येत नाही. ही साधी गोष्ट गादी बनवणाऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या लक्षात यायला फार उशीर लागला.

निरोगी माणूस रात्रीतून कितीतरी वेळा कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही. ती हालचाल सोपी नाही. उताणा माणूस एक गुडघा वर घेतो, टाच गादीत रोवतो, मान वळवतो, वरचा हात छातीवरून पलीकडे टाकतो, मग खांदा उचलला जातो आणि शेवटी कंबर फिरते. हे सगळे एका लयीत घडते, एकातून दुसरे निघत जाते. कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी झिजतात, डोपामिन कमी पडते आणि अशा आपोआप जुळणाऱ्या हालचालींची साखळी तुटते. मान, पाठ आणि कंबर ताठरलेली असल्याने खांदा एकीकडे आणि कंबर दुसरीकडे असा पीळ देता येत नाही. सगळे धड ओंडक्यासारखे एकदम फिरवावे लागते आणि त्याला लागणारा जोर हातापायांत नसतो. अशा वेळी गादीत दोन-चार बोटे खोल खळगा पडला, चादर अंगाला चिकटली, पांघरूण पायांत अडकले, तर माणूस उताणाच्या उताणा राहतो. झोपेत हे घडले तर जाग येते, आणि जाग आल्यावर दुखू लागते.

आजाऱ्याचे अंथरूण हा अभ्यासाचा विषय म्हणून आधी हाताळला तो डॉक्टरांनी नव्हे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. 1860 च्या सुमारास आलेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकात पलंग आणि बिछान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पलंग लोखंडी असावा, त्याला झालर नसावी, पिसांऐवजी घोड्याच्या केसांची पातळ गादी असावी, रुंदी साडेतीन फुटांहून जास्त नसावी आणि उंची बेताची असावी. अशक्त माणसाला जड पांघरुणाचा त्रास होतो, म्हणून हलक्या लोकरी ब्लँकेटवर भागवावे. उशा विटांच्या भिंतीसारख्या एकावर एक रचू नयेत, कारण डोके पुढे ढकलले जाते आणि छाती दबते. उशीचा आधार पाठीला मिळाला पाहिजे. नाइटिंगेल यांच्यासमोर तापाचे आणि जखमांचे रुग्ण आणि बाळंतिणी होत्या. कंपवात त्यांच्या ध्यानीमनीही नसावा. तरी कडक पातळ गादी, हलके पांघरूण, पाय जमिनीला टेकतील अशी उंची आणि मान पुढे न ढकलणारी उशी या चार गोष्टी आजचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळपास याच शब्दांत सांगतो. रोग न ओळखता सांगितलेला सल्ला त्या रोगाला इतका लागू पडावा, याचे श्रेय नाइटिंगेल यांच्या निरीक्षणालाच द्यावे लागते. रुग्णाचे शरीर गादीवर काय करते हे त्यांनी उशाशी बसून पाहिले होते.

रोगासह अंथरूण पाहिले गेले ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. 1862 पासून तिथे असलेले डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांच्या हाती निराधार, वृद्ध आणि जुनाट आजारांच्या हजारो स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या अनेकजणी वर्षानुवर्षे एकाच वॉर्डात राहत. त्यामुळे शार्को यांना रुग्ण दिवसाच नव्हे, रात्रीही कसा असतो ते कळे. ‘पार्किन्सनचा रोग’ हे नाव रूढ केले ते त्यांनीच, आणि कंप नसतानाही हा रोग असू शकतो, ताठरपणा आणि मंदपणा ही त्याची वेगळी लक्षणे आहेत, हेही त्यांनीच ठसवले. त्यांच्या व्याख्यानांत दोन गोष्टी येतात त्या थेट बिछान्याच्या आहेत. एक, या रुग्णांना एका स्थितीत फार वेळ राहवत नाही. रात्री त्या परिचारिकांना पुन्हा पुन्हा बोलावतात, कूस बदलून घेतात आणि थोड्याच वेळात पुन्हा हाका मारतात, त्यामुळे परिचारिका मेटाकुटीला येतात. दोन, त्यांना अंगाची लाही होते. ऐन हिवाळ्यात त्या पांघरूण भिरकावून देतात, पण थर्मामीटर लावला तर ताप नसतो. शार्को यांनी ही लक्षणे नोंदवली आणि विद्यार्थ्यांना शिकवली. ती हलकी करण्यासाठी साल्पेत्रिएरच्या पलंगांत काही फेरफार झाल्याचे मात्र त्या व्याख्यानांत दिसत नाही. कूस बदलण्याचे साधन परिचारिका हेच होते.

त्याच शार्को यांनी पुढे एक यंत्र करवून घेतले, पण ते पलंगाचे नसून खुर्चीचे. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांब प्रवास करून आलेले रुग्ण आपल्याला बरे वाटते असे सांगत. त्यावरून त्यांनी विजेवर थरथरणारी खुर्ची तयार करवली आणि 1892 मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. खुर्चीत बसल्यावर ताठरपणा कमी वाटतो आणि रात्री झोप बरी लागते, असे रुग्णांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली. तब्बल 120 वर्षांनी, 2012 मध्ये, शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी ती कल्पना तपासून पाहिली. काही रुग्णांना थरथरणाऱ्या आरामखुर्चीत बसवले, काहींना न थरथरणाऱ्या. दोन्ही गटांना सारखाच थोडा आराम पडला. म्हणजे थरथरीपेक्षा निवांत टेकून बसण्याचा गुण जास्त होता. आज बाजारात ‘मसाज’ करणाऱ्या गाद्या आणि खुर्च्या खपवताना हा निकाल कोणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या शोधकांना खरी चिंता होती ती शय्याव्रणांची. स्कॉटिश डॉक्टर नील आर्नॉट यांनी 1832 मध्ये पाण्याचा बिछाना बनवला. पाण्याने भरलेल्या हौदावर रबर लावलेले कापड सैल पसरायचे, त्यावर पातळ गादी टाकायची आणि रुग्णाला तरंगत ठेवायचे. शरीराचा भार सगळीकडे सारखा पडला की हाडांवरची कातडी दबत नाही, हा त्यामागचा विचार अचूक होता. आर्नॉट यांनी पेटंट घेतले नाही, कोणीही तो बनवावा अशी मुभा ठेवली. महाराष्ट्रात सर्जिकलच्या दुकानात ‘वॉटर बेड’ म्हणून जी रबरी पिशवी मिळते ती याच कल्पनेची सुटसुटीत आवृत्ती. घरात कोणी अंथरुणाला खिळले की शेजारीपाजारी पहिला सल्ला हाच देतात. पूर्णपणे निजून असलेल्या रुग्णासाठी तो ठीक आहे. पण ज्या कंपवाताच्या माणसाला अजून स्वतः वळता येते, उठता येते, त्याला पाण्यावर ठेवणे म्हणजे उरलेली हालचालही काढून घेणे. टाच रोवायला घट्ट जागाच उरत नाही. आलटून पालटून फुगणाऱ्या हवेच्या गाद्या विसाव्या शतकाच्या मध्यात आल्या, त्यांनाही हीच मर्यादा आहे. 1944 पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिलमध्ये लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांना दर दोन तासांनी वळवण्याची शिस्त घालून दिली आणि ती जगभरच्या नर्सिंगमध्ये रुजली. ती वळवणाऱ्या हातांची शिस्त होती. रुग्णाला स्वतः कसे वळता येईल, हा प्रश्न तिथेही नव्हता.

मधल्या काळात पलंगाचा सांगाडा बदलला. अमेरिकेत 1870 च्या दशकात तारांच्या जाळीचे पलंग कारखान्यात निघू लागले, पाठोपाठ स्प्रिंगच्या गाद्या आल्या. जाळी नवी असेपर्यंत ताणलेली असे, पण काही वर्षांत मध्यभागी झोळ पडे, आणि झोळ पडलेल्या पलंगात निरोगी माणूसही मध्येच घरंगळतो. अधिक टिकाऊ ठरली ती दोन सर्जनची देणगी. ब्रुकलिनचे जॉर्ज फाउलर यांनी 1900 मध्ये पोटात पू झालेल्या रुग्णाला डोक्याकडून उंच ठेवावे असे सुचवले, म्हणजे पू खाली साचतो. तेव्हा त्यासाठी पलंगाचे उशाकडचे पाय उचलून ठेवावे लागत. विलिस गॅच यांनी 1909 मध्ये पाठ आणि गुडघ्याखालचा भाग वेगवेगळा उचलता येईल अशी बिजागरीची चौकट मांडली. हँडल फिरवले की रुग्ण बसता होतो. आपल्याकडे पलंगाला नाव मिळाले ते स्थिती सुचवणाऱ्याचे. पुण्या-मुंबईत पेशंटचे सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या पाटीवर ‘फाउलर बेड’ आणि ‘सेमी-फाउलर बेड’ असेच लिहिलेले असते. गॅच यांचे नाव तिथे कोणाला ठाऊक नसते. कंपवाताच्या घरात हा पलंग उपयोगी पडतो तो मुख्यतः उठताना. उताण्यावरून बसते होणे हा उठण्यातला सर्वांत अवघड टप्पा असतो आणि हँडल तो पार करून देते. झोपताना मात्र पाठ आणि गुडघे दोन्ही उचललेले ठेवले तर शरीर मधल्या घडीत अडकते, आणि मग कूस बदलण्याचे नावच नको.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झोपेच्या साथीने, म्हणजे एन्सिफलायटिस लेथार्जिकाने, असंख्य लोकांना गाठले. व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी 1917 मध्ये या आजाराचे वर्णन केले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना पुढे कंपवातासारखा कडकपणा आला आणि तरुण वयातच ते दीर्घकालीन रुग्णालयांत दाखल झाले. उशी काढून घेतली तरी काहींचे डोके हवेत तसेच उचललेले राही, मान इतकी ताठ झालेली असे. न्यूयॉर्कच्या बेथ अब्राहम रुग्णालयात 1969 मध्ये डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी ज्या रुग्णांना लेव्होडोपा हे औषध दिले ते याच साथीतून उरलेले होते. त्यांच्यातले काही दशकानुदशके पलंगावर किंवा चाकाच्या खुर्चीवर होते.

याच दरम्यान एक छोटा, स्वस्त आणि खरोखर या रुग्णांच्या उपयोगाचा शोध दुसऱ्याच वाटेने लागला. काही माणसांचा रक्तदाब उभे राहताच घसरतो आणि ती कोसळतात. कंपवातात आणि त्याच्या जवळच्या काही आजारांत हे बऱ्याचदा होते. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या मॅक्लीन आणि ॲलन यांनी 1940 मध्ये अशा रुग्णांना डोक्याकडची बाजू उंच केलेल्या पलंगावर झोपवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. सपाट झोपले की मूत्रपिंडे रात्रभर पाणी आणि मीठ बाहेर टाकत राहतात, सकाळी शरीरात द्रव कमी उरतो आणि उठताच भोवळ येते. पलंग उतरता ठेवला की हे कमी होते, शिवाय रात्रीचे लघवीला उठणेही घटते. इथे उशा वाढवून चालत नाही, सबंध पलंग उतरता असावा लागतो. उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले की झाले. आपल्याकडे तेच काम विटा करतात. आम्लपित्तासाठी हा प्रकार अनेक घरांत आधीपासून माहीत असतो. चढ फार झाला तर माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरतो, आणि वर सरकणे हे कूस बदलण्याइतकेच कठीण असते.

1967 मध्ये जॉर्ज कोटझियस यांनी डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या डोपा या औषधाचा डोस हळूहळू वाढवत नेला तर रुग्ण चालू-बोलू लागतात हे दाखवले आणि 1970 मध्ये अमेरिकेत लेव्होडोपाला मान्यता मिळाली. अंथरुणाचा प्रश्न यामुळे सुटेल असे वाटणे साहजिक होते. झाले उलटेच, आधी झाकलेला प्रश्न उघडा पडला. लेव्होडोपाचा रक्तातला अंमल सुमारे दीड तासात निम्म्यावर येतो. गोळ्या दिवसा घेतल्या जातात, शेवटची संध्याकाळी किंवा रात्री जेवणाच्या वेळी. त्यामुळे दिवसा बाजारहाट करून येणारा माणूस पहाटे तीनला बिछान्यात अडकलेला असायचा. डॉक्टर त्याला पाहत ते दिवसा, गोळी घेतलेली असताना. 1991 मध्ये अमेरिकेत सावकाश विरघळणारी गोळी आली, पुढे कातडीवर लावायच्या पट्ट्या आल्या. रात्र थोडी सावरली, पूर्ण नाही.

रात्रीकडे पहिल्यांदा पद्धतशीर पाहिले गेले ते 1980 च्या दशकात. फिनलंडच्या तुर्कू शहरात स्थिर विद्युतभाराने हालचाल टिपणारी गादी तयार झाली होती. माणसाच्या अंगाला एकही तार न लावता ती श्वास, हृदयाचे ठोके आणि कूस बदलणे नोंदवी. कंपवाताचे रुग्ण तिच्यावर झोपवल्यावर त्यांच्या रात्रीतल्या मोठ्या हालचाली कमी असल्याचे कागदावर दिसले. लंडनमध्ये अँड्र्यू लीझ आणि सहकाऱ्यांनी त्याहून सोपी गोष्ट केली. त्यांनी 220 रुग्णांना विचारले की रात्री काय त्रास होतो. 1988 मध्ये आलेल्या त्या पाहणीत जवळजवळ सगळ्यांनी काही ना काही तक्रार सांगितली, आणि कूस न बदलता येणे व लघवीसाठी उठावे लागणे या तक्रारी आघाडीवर होत्या. शार्को यांच्या परिचारिकांना शंभर वर्षांपूर्वी हे ठाऊक होते. फरक इतकाच की आता ते आकड्यांत आले, आणि आकड्यांत आलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. पुढे बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठात रुंगरोज भिदयासिरी यांच्या गटाने अंगावर बांधायच्या संवेदकांनी कूस बदलण्याचा वेग आणि कोनही मोजला.

पाश्चात्त्य देशांत या सुमारास रुग्णसंघटनांच्या माहितीपत्रकांतून सॅटिनची चादर घरोघर पोचली. ही युक्ती प्रयोगशाळेत जन्मली नाही, ती रुग्ण, त्यांचे जोडीदार आणि थेरपिस्ट यांच्या अनुभवातून आली. तिचे तर्कशास्त्र मात्र पक्के आहे. खांदा ते मांडी या भागाखाली गुळगुळीत कापड असले की धड घासत नाही. पण सबंध पलंगभर सॅटिन घातले तर टाच घसरते आणि ढकलायला आधारच राहत नाही. म्हणून मध्यभागी आडवा सॅटिनचा पट्टा आणि पायाशी सुती कापड, अशी रचना उत्तम. सॅटिनची चादर आणि सॅटिनचाच पायजमा असे दोन्ही एकदम वापरले तर माणूस पलंगाच्या कडेवरून थेट खाली येऊ शकतो. उलट फ्लॅनेलची चादर आणि फ्लॅनेलचा पायजमा ही जोडी एकमेकांना धरून ठेवते. ओले होऊ नये म्हणून चादरीखाली घातलेले रबरी मेणकापड, ज्याला आपल्या रुग्णालयांत अजून ‘मॅकिंटॉश’ म्हणतात, तेही असाच अडथळा करते. ते घाम धरते आणि वरची सुती चादर त्याच्यावर चुण्या होऊन बसते. पांघरुणाच्या बाबतीत युरोपातले पिसांचे हलके दुलईवजा पांघरूण 1960 च्या दशकापासून इंग्लंडमध्ये रुळू लागले आणि घोंगड्यांची चळत गेली, हा योगायोगाने झालेला फायदा. हल्ली झोप लागावी म्हणून खपवली जाणारी मुद्दाम जड केलेली ब्लँकेट्स या रुग्णांसाठी नकोतच.

सगळ्याच रुग्णांचा प्रश्न न हलण्याचा नसतो. मिनियापोलिसचे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये एका वेगळ्या झोपविकाराचे वर्णन केले. स्वप्ने पडतात त्या झोपेत निरोगी माणसाचे स्नायू शिथिल असतात. या रुग्णांत ती शिथिलता नाहीशी होते आणि ते स्वप्नातली मारामारी, पळापळ प्रत्यक्ष करतात. दिवसा शांत असणारा वयस्क गृहस्थ रात्री बायकोला ठोसे मारतो, पलंगावरून उडी घेतो. डॉक्टरकडे येण्यापूर्वी घरोघरी उपाय झालेले असत. कोणी कमरेला दोरी लावून पलंगाला बांधून घेई, कोणी मध्ये उशांची भिंत घाली, कोणी गादी जमिनीवर आणून टाकी. याच गटाने पुढे, 1996 मध्ये, अशा 29 पुरुषांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांतल्या 11 जणांना कंपवातासारखा आजार झालेला आढळला. हा झोपविकार बऱ्याचदा कंपाच्या कित्येक वर्षे आधी येतो, हे आता सर्वमान्य आहे. अशा घरात बुटका पलंग, शेजारी जमिनीवर गादी, जवळ टोकदार टेबल नाही आणि जोडीदाराची वेगळी खाट, ही मांडणी करावी लागते. आपल्याकडे नवराबायकोच्या वेगळ्या खाटा म्हटले की घरात कुजबुज सुरू होते. इथे कारण निव्वळ ठोशांचे असते.

पडू नये म्हणून बसवलेल्या कठड्यांचा इतिहास याहून कटू आहे. रुग्णालयांत पलंगाचे कठडे विसाव्या शतकात सर्रास झाले. पण गोंधळलेला वा अशक्त माणूस कठडा आणि गादी यांच्या फटीत अडकून दगावण्याच्या घटना साचत गेल्या, आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कठड्यांत अडकण्याच्या धोक्याबाबत रुग्णालयांना इशारा दिला. कठड्यावरून चढून पडणारा माणूस कठडा नसता तर जेवढ्या उंचीवरून पडला असता त्यापेक्षा जास्त उंचीवरून पडतो, हेही उघड आहे. कंपवातासाठी पूर्ण लांबीच्या कठड्यापेक्षा गादीखाली फळी सरकवून उभी करायची आखूड कडी बरी. तिचे काम अडवणे नसून धरायला देणे हे असते. ती गादीच्या बाजूला घट्ट बसली पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये.

गादीच्या आतले सामान बदलले ते रसायनशास्त्राने. जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेन शोधले आणि महायुद्धानंतर त्याचा मऊ फोम स्वस्त झाला. 1966 मध्ये नासासाठी आसनांच्या गाद्यांवर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी सावकाश दबणारा आणि सावकाशच वर येणारा फोम तयार केला. 1990 च्या दशकात तो ‘मेमरी फोम’ म्हणून गाद्यांत आला. दाब सारखा वाटला जातो, पाठदुखीला बरे वाटते, अशी त्याची कीर्ती. पण तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो, शरीराच्या आकाराचा साचा तयार होतो आणि कूस बदलायची तर त्या साच्याच्या कडेवरून चढून जावे लागते. शिवाय तो ऊब धरून ठेवतो, आणि अंगाची लाही होणारे शार्को यांचे रुग्ण आजही तसेच आहेत. पिसांच्या गादीतले दोन्ही दोष दीडशे वर्षांनी जास्त किमतीत परत आले, असे म्हणायला हरकत नाही. लवचीक, लगेच वर येणारा लेटेक्स किंवा घट्ट फोम, आणि कडा दबणार नाहीत अशी बांधणी या रुग्णांना अधिक सोयीची.

महाराष्ट्रातल्या घरांत पिसांची गादी कधी नव्हतीच. सुंभाने किंवा नवारीने विणलेली बाज, तिच्यावर गोधडी किंवा वाकळ. पुढे लोखंडी कॉट आणि तिच्यावर कापसाची गादी. बाजेला झोळ पडे, पण सुंभ आवळता येई. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून दर काही वर्षांनी पिंजून भरून घेतली की कडक आणि सपाट होई, आणि या आजारात ती महागड्या फोमपेक्षा सरस ठरते. मात्र गोळे झालेली, मध्ये खड्डा पडलेली कापसाची गादी कोणत्याही फोमहून वाईट. सावरीच्या कापसाची मऊ गादी आजाऱ्याला देणे हा मायेचा भाग असतो, तो या एका आजारापुरता आवरावा. काथ्याच्या गाद्यांचे कडकपण चांगले आणि त्या हवाही खेळती ठेवतात, त्यामुळे फोमचा थर वर पातळ असेल तर चालतात.

आपल्याकडची अडचण गादीपेक्षा उंचीची आहे. जमिनीवर अंथरूण घालून झोपणारा माणूस पडत नाही हे खरे, पण कंपवात झाल्यावर त्याला जमिनीवरून उठता येत नाही. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील एवढी पलंगाची उंची हवी. गादी बदलली की ती उंची बदलते, हे खरेदी करताना विसरले जाते. दुसरी गोष्ट खालच्या मोकळ्या जागेची. उभे राहताना माणूस पाय किंचित मागे, आसनाच्या खाली ओढतो आणि मग पुढे झुकतो. जागा वाचवण्यासाठी शहरांतल्या फ्लॅटमध्ये घेतले जाणारे दिवाण आणि सामान ठेवण्याचे पेटीपलंग जमिनीपर्यंत बंद असतात. टाच लाकडावर आपटते, पाय मागे जात नाही आणि माणूस पुन्हा धपकन बसतो. मच्छरदाणीही अशीच. गादीखाली खोचलेली जाळी रात्री लघवीला उठताना पायांत येते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सरकणारी किंवा खिडकीची जाळी बरी.

साधने विकत आणण्याची सोय नसलेल्या घरांनी युक्त्या काढल्या. पायथ्याच्या गजाला जुनी सुती साडी बांधायची, तिला अंतराअंतरावर गाठी मारायच्या आणि गाठी धरत धरत बसते व्हायचे. परदेशात विकली जाणारी दोरीची शिडी हेच काम करते. जुन्या रेशमी साडीचा तुकडा चादरीवर आडवा शिवला की सॅटिनचे काम भागते. मुंबईत 2001 मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांसारख्या गटांत रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे, मित्रमंडळाच्या भाषेत शुभार्थी आणि शुभंकर, एकमेकांना भेटतात तेव्हा अशा गोष्टींची देवाणघेवाण होते. फाउलर बेड मात्र बहुतेक घरांत भाड्यानेच येतो. तो विकत घेण्यापूर्वी महिनाभर भाड्याने वापरून पाहिल्यास उंची जमते का, हँडल फिरवणारे माणूस रात्री हजर असते का, आणि तीन फुटी रुंदीत वळायला जागा पुरते का, हे कळते. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण रुग्णालयाचा पलंग परिचारिकेला दोन्ही बाजूंनी हात पोचावा म्हणून अरुंद केलेला असतो आणि स्वतः वळणाऱ्या माणसाला त्यापेक्षा रुंद जागा लागते.